बाळाचं पाऊल आत वळलेलं आहे: क्लबफूटचा उपचार, पायरी-पायरीने

पाऊल आत आणि खाली वळलेलं, तळवा समोरच्या पायाकडे बघतोय, टाच वर खेचलेली आणि हाताला छोटीशी लागते, तळव्याच्या आतल्या बाजूला एक खोल घडी. नवजात बाळाचा पाय असा दिसला तर डॉक्टर त्याला क्लबफूट म्हणतात. केसपेपरवर बहुतेक वेळा ‘सीटीईव्ही’ एवढंच लिहिलेलं असतं, दोन्ही एकच. हजार जन्मांमागे साधारण एक-दोन बाळांत हा दोष आढळतो. मुलांमध्ये तो मुलींपेक्षा दुपटीने जास्त दिसतो आणि जवळपास निम्म्या बाळांचे दोन्ही पाय वळलेले असतात.

उपचार साधा आहे, स्वस्त आहे आणि योग्य रीतीने झाला तर मूल चालतं, पळतं, खेळतं. पण त्यातला सोपा भाग डॉक्टरांकडे असतो आणि अवघड भाग घरी. प्लास्टर दीड-दोन महिन्यांत संपतं, बूट चार-पाच वर्षं चालतात. बिघडतं ते बहुतेक बुटांच्या काळात. म्हणून या लेखातही बुटांना जास्त जागा दिली आहे.

असं का होतं

ग्रहणात आईने काही चिरलं, पाय दुमडून बसली, पोटात जागा कमी पडली, यांपैकी कशानेही क्लबफूट होत नाही. घरात कोणी तसं म्हणत असेल तर तिथेच थांबवा, कारण दोषाचं खापर बाळंतिणीवर फुटलं की पुढची चार वर्षं तिलाच एकटीने ओढावी लागतात. गर्भाची वाढ होताना पावलाच्या आतल्या आणि मागच्या बाजूचे स्नायुबंध व स्नायूंच्या दोऱ्या आखूड, घट्ट होतात आणि छोटी हाडं त्यांच्यामागे आत सरकतात. यात आनुवंशिकतेचा काही वाटा असतो. पहिल्या मुलाला हा दोष असेल तर पुढच्या भावंडाला तो असण्याची शक्यता शंभरात दोन-चार इतकी असते, म्हणजे इतरांपेक्षा बरीच जास्त, तरी एकूण कमीच. गरोदरपणातल्या धूम्रपानाशी त्याचा संबंध दिसून आला आहे. बहुतेक बाळांत मात्र एक नेमकं कारण दाखवता येत नाही.

नवजात बाळाच्या पावलातली हाडं अजून बरीचशी कूर्चेची असतात. ती मऊ असतात म्हणूनच हलक्या हाताने, थोडं थोडं करून पाऊल जागेवर आणता येतं.

आधी खात्री करा

सगळेच वळलेले पाय क्लबफूट नसतात. काही बाळांचं पाऊल पोटातल्या स्थितीमुळे नुसतंच वळलेलं असतं. हलक्या बोटाने ते सरळ करून पाहिलं तर सहज मधोमध येतं आणि वरही जातं. असं पाऊल बहुधा आपोआप किंवा थोड्या व्यायामाने सुधारतं. खऱ्या क्लबफूटमध्ये पाऊल ताठ असतं, अर्ध्या वाटेत अडतं. हा फरक डॉक्टरांनी हात लावून ठरवायचा. घरी ओढून बघू नका. एक्स-रेची सहसा गरज नसते.

पाय बघताना डॉक्टरांनी बाळाची पाठ, खुबे आणि हातही बघायला हवेत. पाठीच्या कण्यावर फुगवटा, खळगा किंवा केसांचा पुंजका असेल तर मज्जारज्जूत दोष असू शकतो. अनेक सांधे ताठ असतील तर आजार वेगळा असतो. अशा बाळांचा पायही प्लास्टरनेच सरळ करायला घेतात, पण प्लास्टर जास्त लागतात आणि पाऊल पुन्हा वळण्याचा धोका मोठा असतो. कोणी पाठ बघितली नसेल तर तुम्ही सांगा: डॉक्टर, कपडे काढून पूर्ण तपासा.

पाय किती ताठ आहे हे मोजायला पिरानी गुण वापरतात. सहा खुणा, प्रत्येकीला शून्य, अर्धा किंवा एक. एकूण ० ते ६. सहा म्हणजे सगळ्यात ताठ. हा आकडा दर भेटीला कार्डावर लिहिला जातो का ते पाहा. दोन-तीन प्लास्टरनंतरही तो खाली येत नसेल तर पद्धतीत काहीतरी चुकतंय.

दोष सोनोग्राफीत, साधारण अठरा-वीस आठवड्यांच्या तपासणीत, आधीच दिसला तर दुसरे दोष आहेत का हे नीट बघून घ्यावं. पाय किती ताठ आहे ते सोनोग्राफीत कळत नाही. फक्त पाऊल वळलेलं असेल तर गरोदरपणात काही करायचं नसतं. प्रसूतीनंतर कुठे जायचं तेवढं ठरवून ठेवा.

कुठे जायचं आणि काय विचारायचं

सरकारी व्यवस्थेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूटचा समावेश आहे. हा कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला आणि जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी व पुढचे उपचार त्यातून मोफत होतात. प्रसूती दवाखान्यात झाली असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्यांना पाय दाखवा आणि जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीकडे, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, चिठ्ठी मागा. मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या अस्थिरोग विभागात क्लबफूटचा आठवड्याचा वार ठरलेला असतो. तो वार विचारूनच निघा, नाहीतर खेप वाया जाते.

उपचार पहिल्या एक-दोन आठवड्यांत सुरू झाला तर उत्तम. बाळ कमी वजनाचं असेल, काचेच्या पेटीत असेल तर आधी ते सावरू द्या. पायासाठी धावपळ करण्याइतकी ही तातडी नाही. मात्र बारसं, सव्वा महिना, मग मामाकडे, मग पाऊस कमी होऊ दे, असं करत तीन महिने घालवू नका.

डॉक्टरांना एकच प्रश्न सरळ विचारा: तुम्ही पॉन्सेटी पद्धतीने करता का? डॉ. इग्नासिओ पॉन्सेटी मूळचे स्पेनमधल्या मिनोर्का बेटावरचे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात त्यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत बसवली. तेव्हा मोठी शस्त्रक्रिया करून पाऊल मोकळं करण्याची चलती होती. अशी ऑपरेशन झालेली पावलं पुढे ताठ, कमकुवत आणि दुखरी होतात हे पॉन्सेटींनी पाहिलं होतं. तरी बहुतेक सर्जन त्यांच्याकडे वळले ते १९९० च्या दशकात. त्यांचा जन्मदिवस, ३ जून, आता जागतिक क्लबफूट दिन म्हणून पाळतात. आजही कोणी ‘सहा महिन्यांचा झाला की ऑपरेशन करू, तोवर थांबा’ म्हटलं तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या.

प्लास्टरचा टप्पा

दर आठवड्याला डॉक्टर पाऊल हाताने हलकं ताणतात आणि मिळालेल्या जागेवर प्लास्टर घालतात. सहसा पाच-सहा प्लास्टर लागतात. बाळ रडतं ते बहुधा धरून ठेवल्यामुळे; ताण दुखेल इतका द्यायचाच नसतो.

योग्य प्लास्टर ओळखायच्या खुणा आहेत. ते बोटांपासून थेट जांघेपर्यंत असतं आणि गुडघा काटकोनात वाकवलेला असतो. गुडघ्याखालीच संपणारं प्लास्टर निसटतं आणि पाऊल बाहेर वळवून धरू शकत नाही. बोटांच्या वरची बाजू मोकळी, खाली मात्र आधार. पहिल्या प्लास्टरनंतर पाय आणखीच आत वळल्यासारखा दिसतो आणि आई-वडील घाबरतात. ते बरोबर असतं: आधी तळव्याची जास्तीची कमान उघडायची असते, त्यासाठी पुढचं पाऊल तसं धरावं लागतं. पुढच्या प्लास्टरांत घोट्याच्या टॅलस हाडावर अंगठा टेकवून बाकीचं पाऊल त्याभोवती हळूहळू बाहेर नेतात. टाचेला हात लावत नाहीत. पाऊल बाहेर जाताना ती आपोआप सरळ होते. टाच धरून जोर लावला तर नेमकी तीच अडकते. आणि पाऊल वर उचलण्याची घाई केली तर घोटा न हलता तळवा मधोमध मोडतो व खालून फुगतो. म्हणून टाच खाली आणायचं काम शेवटी. शेवटच्या प्लास्टरपर्यंत पाऊल ६० ते ७० अंश बाहेर वळलेलं दिसलं पाहिजे. ‘फारच बाहेर गेलं’ असं वाटेल, पण त्याहून कमी चालत नाही.

प्लास्टरच्या दिवशी बाळाला थोडं भुकेलं ठेवून न्या आणि प्लास्टर घालताना पाजा. अंगावर पिणारं बाळ पाय सैल सोडतं आणि डॉक्टरांचं काम निम्मं सोपं होतं. जुनं प्लास्टर आदल्या रात्री घरी काढू नका. मोकळं पाऊल काही तासांत परत थोडं वळतं. ते दवाखान्यातच भिजवून काढावं. जुनं निघाल्यावर आणि नवं चढण्याआधी दहा मिनिटं मिळतात, तेवढ्यात पाय साबण-पाण्याने धुऊन कोरडा करा. तेल लावू नका. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या काही लसी मांडीत देतात आणि प्लास्टर मांडी झाकून टाकतं. एकच पाय वळलेला असेल तर दुसऱ्या मांडीत देता येतात; दोन्ही असतील तर प्लास्टर बदलण्याच्या दिवसाशी जुळवून घ्या. नर्सताईंना आधी कळवा, लस पुढे ढकलू नका.

घरी पहिले बारा तास दर तासाला, नंतर दिवसातून चारदा बोटं तपासा. बोट दाबलं की पांढरं आणि सोडलं की लगेच गुलाबी झालं पाहिजे. प्लास्टर पूर्ण वाळायला दिवसभर लागतो. तोवर पाय मऊ उशीवर ठेवा, टाच कडक जागी टेकवू नका, तिथे खड्डा पडून आतून जखम होते. दवाखान्यातून निघताना बोटांचा मोबाइलवर फोटो काढा. दोन दिवसांनी बोटं त्या फोटोपेक्षा कमी दिसू लागली तर प्लास्टर खाली सरकलं आहे. सरकलेलं प्लास्टर पायावर ठेवून आठवडा काढणं हे प्लास्टर नसण्यापेक्षा वाईट, कारण ते पाऊल चुकीच्या जागी दाबत राहतं.

आंघोळ नाही, ओल्या फडक्याने अंग पुसा. लंगोट किंवा डायपर वरच्या कडेबाहेर राहील असा बांधा आणि वारंवार बदला. शू आत गेली की वास येतो, कातडी सोलते. पावसात प्रवासापुरती प्लास्टिकची पिशवी चढवा, घरी आल्यावर लगेच काढा.

बोटं निळी, पांढरी किंवा सुजलेली राहिली, प्लास्टरमधून घाण वास किंवा स्राव आला, कारण न सापडणारा ताप आला, बोटं आत नाहीशी झाली, तर वार आणि तारखेची वाट बघू नका. पाय उंच धरूनही रंग परतला नाही तर जवळच्या कुठल्याही रुग्णालयात प्लास्टर काढून घ्या. दवाखाना तासन्‌तास लांब असेल तर कोमट पाण्यात पाय बुडवून ठेवा. वीस-तीस मिनिटांत पट्टी मऊ होते आणि उलगडता येते. तिचं टोक कुठे आहे हे पहिल्याच दिवशी दाखवून घ्या. सुरी-कात्री नको.

टाचेमागची शीर

पाऊल बाहेर पुरेसं वळलं तरी दहापैकी आठ-नऊ बाळांत टाच वरच अडकलेली राहते. मग टाचेमागची आखूड दोरी एका बारीक छेदातून सोडवतात. जागा बधिर करून काही मिनिटांत होतं, टाके लागत नाहीत. नंतरचं प्लास्टर तीन आठवडे ठेवतात. तेवढ्यात दोरी लांब होऊन पुन्हा जुळते. घरी ‘शीर कापणार’ म्हटलं की सगळे हादरतात, काही जण इथूनच उपचार सोडतात. सोडू नका, टाच खाली आली नाही तर मूल पुढे पंजावर चालेल आणि बाकीचं पाऊलही परत वळेल. प्लास्टरवर रक्ताचा नाण्याएवढा डाग दिसणं नेहमीचं आहे, तो पसरत गेला तर कळवा. घरात कोणाला रक्त न थांबण्याचा आजार असेल तर आधी सांगा.

बूट: खरा उपचार

शेवटचं प्लास्टर निघालं त्याच दिवशी बूट चढले पाहिजेत. म्हणून माप तीन आठवडे आधीच, शीर सोडवतानाच, देऊन ठेवा. ‘बूट पुढच्या आठवड्यात येतील’ हे उत्तर स्वीकारू नका. तसं झालं तर मधल्या काळासाठी प्लास्टर पुन्हा घालून मागा.

हे दोन बूट एका आडव्या पट्टीवर बसवलेले असतात. दवाखान्यात डीबी स्प्लिंट म्हणतात. एकच पाय वळलेला असला तरी दोन्ही पायांत घालायचे, कारण पट्टीला दुसरा पाय लागतो. मोजमाप असं: वळलेल्या पायाचा बूट ६० ते ७० अंश बाहेर, चांगल्या पायाचा ३० ते ४० अंश, पट्टीची लांबी बाळाच्या दोन्ही खांद्यांच्या रुंदीएवढी, पट्टी मधोमध बाळापासून दूर किंचित वाकलेली, म्हणजे पाऊल वरच्या बाजूला राहतं. दुकानातून आणलेल्या जोडीत दोन्ही बूट सरळ लावलेले सापडतात. कंपासपेटीतला कोनमापक लावून घरी तपासा आणि दर आठवड्याला स्क्रू आवळा.

पहिले तीन महिने दिवसाला २३ तास. एक तास आंघोळ, मालीश आणि डॉक्टरांनी दाखवलेला व्यायाम. मालीश करणाऱ्या बाईंना स्पष्ट सांगा की पाऊल आत ओढायचं नाही. तेल पूर्ण पुसल्याशिवाय मोजा घालू नका, तेलकट टाच बुटात टिकत नाही. त्यानंतर रात्रीची आणि दुपारची झोप मिळून १२ ते १४ तास, वयाच्या चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत. पाय सरळ दिसतो म्हणून दुसऱ्या वर्षी बूट सोडणं हे पाय परत वळण्याचं सगळ्यात मोठं कारण. सरळ दिसणं हे बुटांमुळेच असतं: आतले स्नायुबंध पहिल्या काही वर्षांत पुन्हा आखडायला बघतात.

घालण्याची रीत: पातळ सुती मोजा, आधी जास्त वळलेला पाय, गुडघा वाकवून टाच बुटात तळाला टेकवा. मधला पट्टा आधी घट्ट करा, मग नाड्या. पाऊल हलकं ओढून पाहा. बोटं पुढेमागे सरकली तर टाच बसलेली नाही, सोडून पुन्हा घाला. टाच नीट बसल्यावर बोटांची टोकं आत कुठवर येतात तिथे बुटाच्या तळावर पेनने रेघ मारून ठेवा, म्हणजे आजी-आजोबांनाही बघता येतं. पाय निसटतच असेल तर पट्टा एक भोक पुढे, नाडी वरून खाली ओवून गाठ बोटांकडे घ्या, तरीही निसटला तर बुटाची जीभ काढून पाहा.

टाचेच्या मागे लाल डाग किंवा फोड आला की सगळे बूट सैल करतात. बहुतेकदा उलट करायचं असतं. सैल बुटात टाच वरखाली घासते, म्हणून फोड येतो. मलम, तेल, पावडर लावू नका, कातडी आणखी मऊ पडते. फोड फुटला किंवा बूट घट्ट करूनही वाढला तर दाखवायला न्या, पण तोवर स्वतःच्या मनाने दोन आठवडे बूट बंद ठेवू नका. टाच मुळीच बसत नसेल, रोज निसटत असेल, तर कधी कधी दोष बुटाचा नसतो. पाऊल परत वळायला लागलेलं असतं.

पहिल्या दोन-तीन रात्री बाळ रडतं. त्याला एक पाय एकटा झाडायचा असतो आणि पट्टी तो झाडू देत नाही. दिवसा पट्टी धरून दोन्ही गुडघे एकदम वाकवा-सरळ करा, खेळ करा. दोन्ही पाय मिळून हलवायचं कळलं की रडणं थांबतं. पट्टीला कापड किंवा फोम गुंडाळा, नाहीतर तुमची नडगी आणि पाळण्याची कड दोन्ही सोलून निघतील. कापडी झोळीत पट्टी अडकते, सपाट गादी बरी. कडेवर घेताना मात्र अडचण येत नाही. आणि घरात एकच नियम: झोप म्हणजे बूट. रडलं म्हणून एखाद्या रात्री आजीने काढले की मुलाला समजतं, रडलं की निघतात.

बोटं पुढच्या कडेवरून वळू लागली की मोठं माप घ्या. पहिल्या वर्षात हे लवकर लवकर येतं. पट्टीची लांबीही तेव्हाच तपासा.

तपासणी, आणि पाय परत वळू लागला तर

बूट लागल्यावर दोन आठवड्यांनी, मग तीन महिन्यांनी, तीन वर्षांपर्यंत दर चार महिन्यांनी, चार वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, पुढे वाढ थांबेपर्यंत एक-दोन वर्षांनी दाखवा. मधल्या काळात घरी दोन गोष्टी बघा. मूल उकिडवं बसतं तेव्हा टाच जमिनीला टेकते का? अनवाणी चालताना पावलाची बाहेरची कड आधी पडते का, पुढचं पाऊल आत येतं का? चप्पल आणि बूट बाहेरच्या कडेने जास्त झिजत असतील तर तीही खूण आहे.

वेळेवर गेलात तर सहसा एक ते तीन प्लास्टर पुन्हा घालून भागतं, आणि मग बूट परत. अडीच-तीन वर्षांनंतर मूल चालताना पाऊल आतच उचलत असेल तर पायाच्या पुढच्या स्नायूची दोरी पावलाच्या मधल्या-बाहेरच्या हाडावर नेऊन बसवतात. त्यानंतर साधारण सहा आठवडे प्लास्टर असतं आणि बहुधा बुटांची गरज संपते.

उपचार न झालेलं चालतं मूल असेल, दोन वर्षांचं किंवा त्याहूनही मोठं, तरी सुरुवात प्लास्टरनेच करून बघतात. प्लास्टर जास्त लागतात, कधी छोटी शस्त्रक्रिया जोडावी लागते, पण ‘आता उशीर झाला’ हे ऐकून परत फिरू नका.

एकाच पायाला दोष असेल तर ते पाऊल दुसऱ्यापेक्षा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर लहान आणि पोटरी बारीक राहते. कितीही मालीश केली तरी पोटरी भरत नाही, आणि त्याने चालण्यात अडतही नाही. १९९२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये फिगर स्केटिंगचं सुवर्णपदक जिंकणारी क्रिस्टी यामागुची क्लबफूट घेऊनच जन्मली होती. दोन पावलांच्या मापात फरक पडला तर मोठ्या पायाच्या मापाचे बूट घ्या आणि लहान पायात एक जास्तीचा सोल घाला.